धारेची परीक्षा : केसापासून कागदापर्यंत

१

सुरीची लांबी मोजता येते, तिचे वजन करता येते, तिच्या पोलादातील कर्बाचे प्रमाण काढता येते. परंतु तिला धार किती आहे, या प्रश्नाचे उत्तर तितक्या सरळपणे देता येत नाही. व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर आपण संख्येने न देता कृतीने देतो. कोणी धारेवरून अंगठा आडवा फिरवून पाहतो, कोणी पाते नखावर टेकवून ते घसरते की अडते हे पाहतो, तर न्हावी मनगटावरचे केस काढून वस्तऱ्याची खात्री करून घेतो. शिकलगाराने सहाणेवर लावलेली धार गिऱ्हाईक पारखते तेही अशाच एखाद्या कृतीने.

तंत्रविद्येच्या इतिहासात या कृतींना सामान्यतः अडाणी अंदाज म्हणून बाजूस सारले जाते, आणि यंत्राने धार मोजण्यास आरंभ झाला तेव्हाच तीक्ष्णतेचे खरे मापन सुरू झाले असे मानले जाते. हे मत अर्धवट आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तीक्ष्णता हा एकट्या पात्याचा गुण नसून पाते, कापावयाचा पदार्थ आणि कापण्याची रीत या तिहींमधील संबंध आहे. ही जाणीव जुन्या परीक्षांत स्पष्ट होती, आणि यंत्रांनाही अखेर तिचाच आश्रय करावा लागला. हा मुद्दा तीन प्रकरणांच्या आधारे पुढे मांडला आहे.

२

पहिले प्रकरण सुश्रुतसंहितेतील आहे. या ग्रंथाचे आजचे स्वरूप अनेक शतकांच्या संस्करणांतून सिद्ध झालेले असल्यामुळे त्यातील प्रत्येक वचनाला निश्चित काळ लावता येत नाही. तथापि सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायातील शस्त्रविचार स्वतःपुरता सुसंगत आहे. तेथे वीस शस्त्रे सांगितली असून त्यांच्या धारांचे चार प्रकार कार्यानुसार नेमून दिले आहेत. भेदन करणाऱ्या शस्त्रांची धार ‘मासूरी’, लेखनाच्या म्हणजे खरवडण्याच्या शस्त्रांची ‘अर्धमासूरी’, व्यधन व विस्रावण करणाऱ्यांची ‘कैशिकी’ आणि छेदन करणाऱ्यांची ‘अर्धकैशिकी’. मसूर, अर्धा मसूर, केस आणि अर्धा केस अशी ही उतरती श्रेणी आहे.

या श्रेणीचा शब्दशः अर्थ घेतल्यास एक अडचण उत्पन्न होते. माणसाच्या केसाची जाडी स्थूलमानाने मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. अर्ध्या केसाइतकी जाड कड आजच्या दृष्टीने बोथटच ठरेल. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक असते. परंतु याच अध्यायात असेही सांगितले आहे की, उत्तम निसलेले शस्त्र रोम छेदू शकेल असे झाल्यावरच ते कर्मास योजावे. जी कड स्वतःच केसाच्या निम्म्याने जाड आहे ती केस सफाईने कापू शकणार नाही. तेव्हा ही दोन्ही विधाने एकाच जाणत्या परंपरेची मानावयाची असतील, तर मसूर व केस ही धारेच्या टोकाची मोजमापे नव्हेत, असे म्हणणे भाग आहे. ती धारेच्या प्रतींची नावे असावीत, किंवा टोकाच्या मागील पातळ भागाला उद्देशून असावीत. प्रत नावाने सांगावयाची आणि खात्री रोमच्छेदाने करावयाची, अशी ही दुहेरी व्यवस्था दिसते.

धार सिद्ध करण्याच्या क्रियेतही हीच विवेकदृष्टी आढळते. शस्त्राला पाणी देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : क्षारात, उदकात आणि तेलात. क्षारपायित शस्त्र शर, शल्य व अस्थी यांच्या छेदनास. उदकपायित मांसाच्या छेदन, भेदन व पाटनास. आणि तैलपायित शिरावेध व स्नायुच्छेदनास योजावे. मराठीत आपण हत्याराला पाणी ‘पाजणे’ म्हणतो, त्यातही हीच जुनी कल्पना आहे. निसण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार बसविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. शिळेने पोलाद झिजते व कडेला बारीक कस उरते. मऊ लाकडावर पाते ओढल्याने ती कस निघून धार सरळ होते. न्हाव्याच्या चामड्याच्या पट्ट्याचे कार्य याहून निराळे नाही.

सर्वांत अर्थपूर्ण आहे तो शस्त्रदोषांचा विचार. वक्र, कुंठ, खंडित इत्यादी आठ दोषांत ‘खरधार’ म्हणजे खरखरीत धार हाही एक दोष गणला आहे; पण लगेच करपत्राचा, म्हणजे करवतीचा, अपवाद केला आहे. अस्थी कापावयाची असल्यामुळे तिची धार खरच असली पाहिजे. एका शस्त्राचा दोष तो दुसऱ्याचा गुण. तीक्ष्णता सापेक्ष असल्याची याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण आहे.

३

दुसऱ्या प्रकरणातील पोलाद हिंदुस्थानचे असले, तरी त्याची परीक्षा लंडनमध्ये झाली. मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वूट्झ नावाच्या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस तयार होते असे म्हटले आहे, ते चुकीचे आहे. मुंबई हे ते जेथून रवाना झाले ते बंदर. मुशीतील या पोलादाची प्रसिद्ध केंद्रे दक्षिण हिंदुस्थानात होती.

लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांनी या पोलादापासून एक चाकू घडविला. पुढे त्यांनी आपल्या व्यवसायपत्रावर असे जाहीर केले की, अनेक वर्षांच्या तुलनात्मक परीक्षेनंतर आपण युरोपातील उत्तमोत्तम पोलादाहून वूट्झला अधिक पसंती देतो. ही परीक्षा कोणती? शल्यक्रियेची हत्यारे घडविणाऱ्या मुरब्बी कारागिराच्या हाताची व डोळ्याची. तिला संख्या नव्हती. पण शल्यचिकित्सकासारखे चोखंदळ गिऱ्हाईक तिच्यावर विसंबत असे.

स्टोडार्ट यांनी मायकेल फॅरेडे यांच्या सहकार्याने १८२० व १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवरील निबंध प्रसिद्ध केले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी घालून केलेला मिश्रधातू त्यांना विशेष आशादायक वाटला. १८२३ मध्ये स्टोडार्ट निवर्तले. पुढे १९३१ मध्ये सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी फॅरेडे यांच्या संग्रहातील ७९ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या धातूंतील घटकांचे पृथक्करण करता आले. परंतु स्टोडार्ट यांच्या हाताला जो फरक जाणवला होता, त्याचे पृथक्करण कोण करणार? घटक धातूत टिकून राहतात. धार मात्र वापराने जाते, गंजाने जाते, पुन्हा निसल्याने बदलते. संग्रहालयातील पात्यावरून त्याची मूळ धार सांगता येत नाही. म्हणून इतिहासकाराच्या दृष्टीने धारेचा पुरावा पात्यापेक्षा परीक्षेच्या वर्णनातच अधिक शोधावा लागतो.

४

परीक्षेचे वर्णन कोणालाही तंतोतंत पुन्हा करता येईल असे असावे, ही निकड विसाव्या शतकात यंत्राने भागविली. हेच तिसरे प्रकरण. जपानमधील सेंडाई येथील धातुशास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनी ताकाहासी यांच्यासह १९२७ मध्ये पात्यांच्या कापण्याच्या शक्तीचे संख्यात्मक मापन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. कागदांची चवड ठराविक भाराने धारेवर दाबावयाची, पाते व चवड यांत ठराविक घासणी घडवावयाची आणि किती कागद कापले गेले ते मोजावयाचे. हीच क्रिया वारंवार केली की कापलेल्या कागदांची संख्या घटत जाते, आणि ती किती वेगाने घटते यावरून धारेचा टिकाऊपणा कळतो. मूळची धार आणि टिकणारी धार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे येथे आकड्यांनी दाखविता आले.

शेफील्ड येथील कटलरी संशोधन संस्थेचे यंत्र याच वळणाचे आहे, आणि २००४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात या पद्धतीला स्थान मिळाले. त्यात पाते धार वर करून बसवितात व त्यावर ५० न्यूटन भाराने विशिष्ट कागदाची चवड टेकवून ४० मिलिमीटर लांबीची मागेपुढे घासणी देतात. पहिल्या ३ आवर्तनांत झालेल्या कापावरून आरंभीची धार, तर ६० आवर्तनांतील एकूण कापावरून टिकाऊपणा ठरवितात. झीज लवकर व्हावी म्हणून कागदात ५ टक्के सिलिका मिसळलेली असते.

येथे थांबून विचार केला पाहिजे. स्वयंपाकघरातील कोणतीही सुरी वाळूमिश्रित कागद कापीत नाही. या परीक्षेत वरचढ ठरलेले पाते पिकलेल्या टोमॅटोवर किंवा मासळीवर तसेच वरचढ ठरेल, याची हमी आकडा देत नाही. शिवाय घासून कापताना किंचित खरखरीत धारही उत्तम काम देते. सरळ दाबून कापावयाचे असेल तर मात्र तीच मागे पडते. करपत्राचा अपवाद येथे पुन्हा समोर येतो. यंत्राने भार, अंतर व वेग स्थिर केले हे त्याचे मोठे कार्य. परंतु साक्षीदार बदलला, साक्षीची गरज संपली नाही. केसाच्या जागी कागद आला, इतकेच.

५

यावर असा आक्षेप संभवतो की, पदार्थाचा वाटा वजा करून निव्वळ धारेचा अंक काढता येईल. डब्लिन येथील मॅकार्थी, हसी व गिलख्रिस्ट यांनी २००७ मध्ये मांडलेला तीक्ष्णता-निर्देशांक हा तसा गंभीर प्रयत्न आहे. मऊ पदार्थात पाते दाबताना काप सुरू होईपर्यंत जी ऊर्जा खर्च होते तिला पदार्थाची चिवटता, त्याची जाडी व पाते आत दबल्याची खोली यांच्या गुणाकाराने ते भागतात. आदर्श तीक्ष्ण पात्याचा निर्देशांक शून्य येतो. ही मांडणी उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तिच्यातही पदार्थाची चिवटता आधी ठाऊक असावी लागते, आणि ती सरळ दाबून केलेल्या कापापुरती आहे. पदार्थाचा हिशेब चुकता केल्याशिवाय धारेचा अंक हाती येत नाही, हेच तिच्यावरून सिद्ध होते.

यंत्राची योग्यता कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. जी परीक्षा दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसाला जशीच्या तशी करता येते, तिचे मोल स्टोडार्ट यांच्या हरपलेल्या अनुभवावरून कळून येते. परंतु जुन्या कसोट्यांना अंदाज म्हणून मोडीत काढणे हेही शास्त्रीय नव्हे. रोमच्छेदाच्या कसोटीत पदार्थ ठरलेला होता, मर्यादा ठरलेली होती आणि त्यावरून घ्यावयाचा निर्णयही ठरलेला होता : शस्त्र रुग्णाच्या देहाला लावावे की न लावावे. त्या निर्णयापुरती संख्येची गरज नव्हती. तेव्हा जुन्या ग्रंथात किंवा कारागिराच्या बोलण्यात तीक्ष्ण पात्याचा उल्लेख आला की अभ्यासकाने ‘किती तीक्ष्ण’ हे विचारण्याआधी ‘काय कापण्यासाठी, आणि कोणत्या रीतीने’ हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याला अर्थ येत नाही.