लग्नगडी आणि आमदार

आमदार म्हटला की पक्ष, पैसा आणि मोटारींचा ताफा डोळ्यांपुढे येतो. वसईचे माजी आमदार विवेक पंडित विधानसभेत पोहोचले ते आदिवासी पाड्यांच्या वाटेने.

या भागात लग्नासाठी कर्ज काढणारा आदिवासी ते फेडण्याकरिता मालकाच्या शेतात वर्षानुवर्षे राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नाच्या कर्जाचे ओझे आपल्या मोहल्ल्यांनाही अनोळखी नाही. इथे तर त्यापायी माणूसच गहाण पडे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, ती कर्जेही रद्द ठरली. पण ही खबर पाड्यांवर सांगणार कोण? पंडित आणि त्यांच्या पत्नी विद्युल्लता यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारली आणि याच कायद्यावर बोट ठेवून वेठबिगार सोडवले. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने दोघांचा गौरव केला.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. आपली गावे तिच्यात नकोत म्हणून गावकरी उभे राहिले. त्याच वर्षी पंडित अपक्ष निवडून आले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय निघाला, पण तो कोर्टात अडकला. २०१४ मध्ये हितेंद्र ठाकुरांनी त्यांना हरवले. २०२४ मध्ये पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित यांनी भाजपतर्फे ठाकुरांना हरवले.

आमदारकी अशी हात बदलत राहते. सुटून स्वतःच्या झोपडीत परतलेल्या लग्नगड्याची आझादी मात्र कुठल्याही मतमोजणीत हरत नाही. लोकप्रतिनिधीचा हिशेब तिथून मांडावा.