दूरच्या माणसासाठी लिहिलेली शिकवण : मराठी दफ्तरातील नेतृत्वशिक्षण

सतराव्या आणि अठराव्या शतकांत मराठी मुलखाचा कारभार ज्यांच्या हातांतून चालत होता, त्या हवालदार, सबनीस, कारखानीस, मामलेदार आणि फडणीस या अधिकाऱ्यांपुढे आणि त्यांच्या धन्यांपुढे एक अडचण कायमची उभी होती, ती अंतराची. किल्ल्यावर काही घडले की त्याची खबर राजधानीत पोचायला आणि तिथून हुकूम परत यायला दिवसामागून दिवस जात. पावसाळ्यात नद्यांना पूर आला किंवा वाटेत शत्रूची फौज पसरली, तर जासुदांची जोडी महिनाभरही अडकून पडे. अशा परिस्थितीत केवळ हुकूम सोडून राज्य चालणे शक्य नव्हते. दूरच्या ठिकाणी बसलेल्या माणसाने धन्याला न विचारता, पण धन्याने ठरवला असता तसाच निर्णय घ्यावा, अशी त्याची घडण करावी लागे, आणि त्यासाठी हुकुमामागचे कारण त्याला समजावून द्यावे लागे. कामात बुडालेल्या अधिकाऱ्याला कारभार शिकवणारे जे मराठी लेखन या दोन शतकांत तयार झाले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या गरजेत आहे.

या लेखनाचा सर्वांत जुना थर मेस्तकांचा आहे. मेस्तक म्हणजे कारकुनाने जवळ बाळगायची मार्गदर्शक पोथी. तिच्यात पत्रांचे मायने, कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे याचे नियम, हिशेबाचे नमुने, वजनमापे आणि निरनिराळ्या अंमलदारांची कर्तव्ये दिलेली असत. परंपरा या पोथ्यांचे पितृत्व देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री पंडित याच्याकडे देते. मोडी लिपीही त्याच्याच नावावर टाकली जाते. उपलब्ध पोथ्यांची भाषा आणि त्यांतील फार्सी शब्द पाहता त्यांचा बराच भाग पुष्कळ नंतरचा आहे हे उघड असले, तरी कारकुनी ही एक विद्या असून तिला मूळपुरुष, शिस्त आणि पाठ असावा, असे त्या पेशातील माणसांना वाटत होते, एवढे या श्रेयावरून नक्की दिसते.

समर्थ रामदासांच्या दासबोधात याच वृत्तीचे वेगळे रूप आढळते. ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाला ‘शिकवण’ असे नाव असून त्याचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्याच दशकात पुढे राजकारणावर स्वतंत्र समास येतो. हा क्रम सहज पडलेला नसावा. लेखनाचा समास दफ्तरातील मोडीसंबंधी नसून ग्रंथांच्या नकला करण्यासाठी लागणाऱ्या बाळबोध अक्षरासंबंधी आहे. तरी त्यातील बारकावे कोणत्याही कारकुनाला ओळखीचे वाटावेत असे आहेत. बोरू, म्हणजे लेखणीसाठी वापरली जाणारी कठीण काडी, ठिकठिकाणचे मिळवून ठेवावेत. पानाच्या चारही बाजूंनी कोरी जागा सोडावी. आणि तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक अक्षर काढू नये, कारण ते म्हातारपणी वाचता येत नाही. ही शेवटची सूचना वरवर किरकोळ असली तरी तिच्यात दूरदृष्टीचा एक पूर्ण पाठ आहे, आणि तो दूरदृष्टी या गुणाचे नावही न घेता दिलेला आहे. मठ गावोगाव विखुरलेले आणि महंत एकमेकांपासून दूर, अशा संघटनेच्या प्रमुखाला नकलेतील चुकलेले अक्षर ही शोभेची नव्हे, तर कामाची बाब होती.

अधिकाऱ्याला कारणासह शिकवण्याचा सर्वांत ठसठशीत नमुना मात्र एका सरकारी पत्रात सापडतो. शिवाजी महाराजांच्या फौजेची छावणी चिपळूणजवळ असताना तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना 1670च्या दशकात पाठवलेले हे पत्र आहे. छावणीसाठी साठवलेला दाणा आणि गवत बेताने वापरा, एवढाच त्यातील मूळ हुकूम आहे. परंतु पत्र तेथे थांबत नाही. आता वाटेल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरांतून दाणा, भाकरी, भाजी, लाकडे उचलू लागतील. मग रयत घरे सोडून जाईल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे तिला वाटेल, अशी परिणामांची साखळी कडीला कडी जोडून दाखवली आहे. त्यानंतर आगीची गोष्ट येते. कोणी गवताच्या गंजीजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी वाचणार नाहीत. राजाने उंदराचा विचार केला याचे आजच्या वाचकाला कौतुक वाटते. पण महत्त्वाचे आहे ते हे की, हे पत्र वाचलेल्या हवालदाराला पुढे कधी उंदराऐवजी वाऱ्याने उडालेल्या ठिणगीचा धोका दिसला असता, तर त्याला नव्या हुकुमाची गरज पडली नसती.

या परंपरेतील सर्वांत मोठी कृती म्हणजे आज्ञापत्र. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी 1715च्या सुमारास तयार झालेला हा राजनीतीवरील ग्रंथ रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिला असे मानले जाते. रामचंद्र नीलकंठ हे 1674 मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत अमात्य होते. अमात्य म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभार ‘हुकूमतपनाह’ या किताबासह त्यांच्याकडे सोपवला गेला. औरंगजेबाची फौज चहूकडे पसरलेली असताना धनी शेकडो कोस दूर, अशा अवस्थेत त्यांनी कित्येक वर्षे राज्य सांभाळले. हुकुमाची वाट न पाहता निर्णय घेणे हे त्यांच्या दृष्टीने पुस्तकातले तत्त्व नव्हते. ग्रंथ तयार झाला तेव्हा संभाजीराजे सतरा-अठरा वर्षांचे होते आणि अमात्य आयुष्याच्या अखेरीस पोचले होते, म्हणजे एका अर्थाने हा निवृत्त होणाऱ्या कारभाऱ्याने नव्या धन्याला दिलेला ताबा होता.

प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग आणि आरमार असे विषय या ग्रंथात क्रमाने येतात. प्रधानाला हत्तीवरील अंकुशाची उपमा देऊन राजाच्या मनमानीला आळा घालणे हेही त्याचे काम असल्याचे राजालाच ऐकवले आहे, हे धैर्याचे म्हटले पाहिजे. टोपीकर, म्हणजे इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरासीस असे युरोपीय, हे साधे व्यापारी नसून त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, म्हणून वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर ती समुद्रकिनाऱ्यापासून आणि किल्ल्यांपासून दूर द्यावी, हा इशारा पुढच्या शतकात काय घडले ते ठाऊक असलेल्या वाचकाला फार बोलका वाटतो आणि म्हणूनच तो वारंवार उद्धृत होतो. ग्रंथाचा खरा कस मात्र दुर्गप्रकरणात लागतो. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत. एखादा झरा भरपूर वाहतो म्हणून त्याच्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. गडावर वाटांत, बाजारात, तटाजवळ केर साचू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा. आरमारासाठी लाकूड लागेल, पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात; झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे.

आज व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि कंपन्यांच्या शिबिरांत मराठेशाहीतून नेतृत्वाचे धडे काढण्याची हौस वाढली आहे. त्या व्याख्यानांत धाडस, ध्येय आणि दूरदृष्टी असते. केराची राख बहुधा नसते. आज्ञापत्राने नेत्याचे गुण सांगितलेच नाहीत असे नाही, पण त्या गुणांची परीक्षा कुठे पाहायची, तर टाक्यातील पाण्यात, कोठारातील धान्यात आणि परसातील भाजीत, असा त्याचा रोख आहे. त्याच रोखाने किल्ल्यावरची सत्ताही वाटून दिलेली होती. शिवाजी महाराजांच्या चरित्रावरील सभासदाच्या बखरीत सांगितल्याप्रमाणे हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे समान दर्जाचे तिघे मिळून गडाचा कारभार पाहत. हवालदार आणि सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, आणि रसद व सामान पाहणारा कारखानीस प्रभू अशी योजना होती. एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर राहील ही तिच्यामागची व्यावहारिक दृष्टी, आणि ही नजर जातींच्या परस्पर अविश्वासावर उभी होती, हेही लपवण्याजोगे नाही.

आज्ञापत्रातील वतनदारांसंबंधीचे प्रकरण आणि ग्रंथकाराचे चरित्र एकत्र वाचले की एक ताण जाणवतो. वतन म्हणजे देशमुखी, पाटिलकी, कुलकर्ण यांसारखा वंशपरंपरेने चालणारा हक्क. हे वतनदार राज्याचे लहानसे वाटेकरीच असतात, आहे त्यावर त्यांचे समाधान नसते, म्हणून त्यांना मोकळे सोडू नये आणि चिरडूनही टाकू नये, स्नेह आणि दाब यांच्या मधोमध ठेवावे, असे ग्रंथ सांगतो. सेवेबद्दल वंशपरंपरागत जमिनी देऊ नयेत, असाही त्याचा कल आहे. ज्या जिंजीच्या काळात मराठे सरदारांना टिकवून धरण्यासाठी वतनांची आणि सरंजामांची खैरात करावी लागली, त्या काळाचा कारभारी मात्र हाच ग्रंथकार होता, आणि पुढे त्याच्या वंशजांकडे गगनबावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही. ज्याने औषध म्हणून विष वाटले, त्यालाच त्याची मात्रा नेमकी ठाऊक असणार, असे समजणे अधिक न्याय्य ठरेल.

पेशवाईत ही शिकवण ग्रंथांतून निघून फडात शिरली. फड म्हणजे पुण्यातील हुजूर दफ्तराचा, फडणिसाच्या हाताखालील मुख्य विभाग. चालू हुकूम, सनदा आणि हिशेब इथून जात. एकबेरीज नावाच्या दुसऱ्या विभागात सगळ्या खात्यांच्या हिशेबांचे वर्गीकरण होऊन ते तपासणीसाठी उपलब्ध राहत. दफ्तरात शिरू पाहणारा मुलगा प्रथम उमेदवार म्हणून, म्हणजे जागा मिळण्याच्या आशेवर विनावेतन, जाणत्या कारकुनाशेजारी बसे. नकला करता करता त्याचे अक्षर वळे, आणि कोणते पत्र का लिहिले गेले हेही हळूहळू त्याच्या ध्यानात येई. नाना फडणीस यांच्याकडे वडिलांच्या मृत्यूनंतर चौदा-पंधरा वर्षांच्या वयात फडणिशी आली. पानिपतावर 1761 मध्ये ते हजर होते, आणि तिथून जीव वाचवून परतल्यावर थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्यांनी दफ्तराच्या पद्धतीत पुष्कळ सुधारणा केल्या. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल मतभेद असले तरी त्यांची पकड कागदांवरच्या हुकमतीतून आली होती, याबद्दल ते फारसे नाहीत.

याच नानांच्या देखरेखीखाली वाढलेल्या सवाई माधवरावांचे शिक्षण मात्र उलट दिशेने गेले. गोदावरीकाठी गंगापूरला राहणाऱ्या आजी गोपिकाबाई यांनी नातवाला दिनचर्येच्या आणि वागणुकीच्या सूचना लिहून पाठवल्या. पहाटे उठणे, स्नानसंध्या, लिहिणे-वाचणे, वडीलधाऱ्यांचा मान असा त्यांचा रोख होता. आजच्या आत्मविकासाच्या पुस्तकांशी हेच लेखन सर्वांत जास्त जुळते. पेशव्याला शिकवण पुष्कळ मिळाली, पण स्वतः चूक करून ती निस्तरण्याजोगे काम हाती आले नाही. निर्णय नाना घेत. 1795च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात वरून पडून झालेल्या जखमांनी सवाई माधवरावांचा अंत झाला.

त्यानंतर आलेल्या दुसऱ्या बाजीरावांच्या काळात एकबेरीज दफ्तर जवळजवळ मोडीत निघाले. कारकून पांगले, आणि लोकांना कागद उचलून नेण्याचीही मोकळीक मिळाली. 1818 नंतर इंग्रजांनी उरलेली दफ्तरे गोळा केली, ती लावण्यासाठी फडात मुरलेल्या जुन्या कारकुनांवरच त्यांना अवलंबून राहावे लागले, आणि या कागदांचा मोठा उपयोग झाला तो इनाम कमिशनला. 1852च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळालेल्या या कमिशनने दक्षिणेतील इनामांचे हक्क पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या इनामाचा आधार तिथे सापडला नाही, अशा अनेक घराण्यांची उत्पन्ने सरकारजमा झाली.