मुंगी घाटातली ट्रान्सफर एंट्री

वाळवंट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी पंढरपूर आठवतं. खरंखुरं वाळवंट बघायला लोक जैसलमेरला जातात, उंटावर बसून फोटो काढतात आणि पुढं आठ दिवस कंबर शेकतात. आम्ही विश्रामबागेतली माणसं. गावच्या नावातच विश्राम असल्यामुळे इतक्या लांबचा विचार आमच्या मनात येत नाही. शिवाय शेजारच्या सातारा जिल्ह्यानं ती सोय जवळच करून ठेवलेली आहे. तिला माणदेश म्हणतात.

सातारा जिल्ह्याचा पाऊस हा खरं म्हणजे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला लावायला हवा. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरच्या खात्यावर वर्षाला २०० इंचांहून जास्त जमा, आणि माण तालुक्याच्या खात्यावर जेमतेम २०! पश्चिमेकडून ढग भरून येतात, पण सह्याद्री पहिल्याच खिडकीवर सगळी रक्कम मोजून घेतो आणि मागच्या रांगेला "उद्या या" म्हणून सांगतो. माणदेश त्या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. १९७२ साली तर खिडकीच बंद झाली. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन राहिले. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडून निघालेले कायदे आपल्याकडे फार नाहीत.

तर अशा या मुलखात, माघातल्या एका रविवारी, आमच्या शाखेचे हेड कॅशियर आणि मी असे दोघे शिखर शिंगणापूरला निघालो. हेतू धार्मिक नव्हता. मला मुंगी घाटाची जुनी वाट बघायची होती, आणि हेड कॅशियरना घरी रंगकाम चालू होतं.

विटा, मायणी, दहिवडी अशी यष्टी बदलत जाताना बाहेरचा हिरवा रंग हप्त्याहप्त्यानं कमी होत जातो. ऊस संपतो, मग ज्वारी विरळ होते, शेवटी बाभळी, मेंढरं आणि उघडे माळ एवढीच शिल्लक राहते. मधूनच एखादी खिल्लारी बैलजोडी मात्र अशा दिमाखात जाते की दुष्काळ तिला कुणी कळवलाच नसावा.

शिंगणापूर हे नाव देवगिरीच्या सिंघण यादवावरून पडलं असं सांगतात. हा राजा १३व्या शतकाच्या पूर्वार्धातला. देव शंभूमहादेव. गाभाऱ्यात लिंगं दोन आहेत, एक शिवाचं आणि एक पार्वतीचं, म्हणजे खातं जॉइंट. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथं यायचे. त्यांनी या डोंगरावर यात्रेकरूंसाठी तळं बांधलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. हाती पैसा आला की सरदार लोक वाडे बांधत, तटबंद्या बांधत, निदान शिखराला सोन्याचा कळस तरी चढवत. यांनी आधी बघितलं की वर आलेला माणूस पाणी कुठं पिणार? नातवानं पुढं राज्य उभं केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांचं तळं लोक पाय धुऊन विसरतात.

मुंगी घाट डोंगराच्या उत्तरेला आहे. माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावाकडून ही वाट अंगावर येणाऱ्या चढानं थेट वर देवाकडे येते. गाडीरस्ता झाल्यावर एरवी तिच्यावर मेंढरांशिवाय कुणाचं काम उरलेलं नाही. पण चैत्रात शिवपार्वतीचं लग्न लागतं, आणि चैत्र शुद्ध द्वादशीला याच घाटानं कावडी चढतात. शेवटची आणि मानाची कावड सासवडची, तेल्या भुत्याची. तिच्यात कऱ्हेचं पाणी असतं. सासवडहून ते पायी आणायचं आणि घाटात माणसांची साखळी करून, हाताला हात देत, कावड कड्यावरून वर घ्यायची. शेकडो वर्षांचा परिपाठ.

आम्ही वरून थोडं खाली उतरलो. पायांखाली मुरूम सरकत होता. समोर नीरेचं खोरं पांढुरकं पसरलेलं. हेड कॅशियर एका दगडावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, भक्तिभाव जागा झाला. पण ते हिशेब करत होते.

"हे बघा," ते म्हणाले, "कऱ्हा पुढं जाऊन मिळते कुणाला? नीरेला. नीरा जाते कुठून? या डोंगराच्या उत्तरेकडून. म्हणजे हे पाणी फुकटात इकडे येतंच आहे. शिवाय सासवडचा पुरंदर तालुका काय कोकणात आहे? तोही दुष्काळीच. एका ओव्हरड्रॉन खात्यातून दुसऱ्या ओव्हरड्रॉन खात्यात ट्रान्सफर! इन्स्पेक्शनला हे कसं पास होतं?"

तेवढ्यात वरच्या वळणावरून एक म्हातारे मेंढके आले. डोक्याला मुंडासं, मागं कुत्रं.

"कुनीकडचं पावनं?"

"सांगलीचे."

"सांगली? मंजी पुरातलं!"

यावर आम्ही काय बोलणार? २०१९च्या ऑगस्टात कृष्णा आमच्या पेठेत शिरली होती, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्यातली जत-आटपाडीची माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होती. सांगली जिल्ह्याचं खतावणीपुस्तकही काही साताऱ्यापेक्षा सुबक नाही.

हेड कॅशियरनी आपला मुद्दा म्हाताऱ्यांपुढं मांडला. कऱ्हा, नीरा, सगळं समजावून सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाई कसं, समदं ठावं हाय," ते म्हणाले. "पर लग्नघरी येताना कुनी मोकळ्या हातानं येतं व्हय?"

"मग दुसरं काही आणावं. पाणीच का?"

"आनि काय आनत्याल? तुमच्यात हळद पिकती, तुमी हळद आना. त्यांच्यात पानी न्हाई, त्ये पानी आनत्यात."

हेड कॅशियरनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षांच्या नोकरीत व्हाउचर परत न करता त्यांनी सही केलेली मी प्रथमच बघत होतो.

"बाटलीत पानी हाय का?" आजोबांनी विचारलं.

आमच्या दोघांत मिळून एक बाटली होती, तीही अर्धी. दिली. त्यांनी आधी ओंजळीत थोडं घेऊन कुत्र्यासमोर धरलं. मग स्वतः दोन घोट घेतले, वरच्यावर, तोंड न लावता. बूच घट्ट फिरवलं आणि बाटली परत केली.

"अजून प्या की," आम्ही म्हणालो.

"र्‍हाऊ द्या. तुमास्नी वर चढायचं हाय."