स्वर सरकले, अक्षरे जागीच राहिली

मंडळी, आज आपण इंग्रजी बोलण्यातल्या स्वरांबद्दल बोलू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी या भानगडीत का पडावं? त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा 'फॅक्ट'ला 'फ्याक्ट' म्हणाला. वर्ग हसला. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. तो मुलगा वर्षभर पुन्हा तोंड उघडून बोलला नाही. आपण हसलो ते नेमकं कशाला, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

इंग्रजीत स्वरांची अक्षरे 5, पण दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित बोलीत स्वर मोजले तर ते साधारण 20 भरतात. ही तफावत मुळात आली कुठून? त्यासाठी 600 वर्षं मागे जायला हवं.

कवी चॉसर 1400 साली वारला. त्याच्या काळी आजच्या 'नेम' या शब्दातला स्वर 'आ' होता. म्हणजे शब्द जवळजवळ आपल्या 'नाम'सारखाच ऐकू येई. आणि हे दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातले आहेत. 'टाइम'मध्ये तेव्हा 'ई' होता, 'हाउस'मध्ये 'ऊ', 'मून'मध्ये 'ओ'. पुढच्या सुमारे 300 वर्षांत सगळे दीर्घ स्वर तोंडात एकेक पायरी वर चढले. 'ए'चा 'ई' झाला, 'ओ'चा 'ऊ'. मग आधीच सर्वात वर बसलेल्या 'ई' आणि 'ऊ'ने जायचं कुठे? ते फुटले आणि 'आइ', 'आउ' असे जोडस्वर झाले. याला 'महान स्वरपालट' म्हणतात. इंग्रजी नाव येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने दिलं. हा पालट सगळीकडे सारखा झाला नाही. स्कॉटलंडच्या बोलीत घराला आजही 'हूस' म्हणतात.

हे कशामुळे झालं, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण गंमत बघा, हा पालट चालू असतानाच, 1476 साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईने हळूहळू स्पेलिंग गोठवलं. स्वर पुढे निघून गेले, अक्षरे जागीच राहिली. जॉन हार्टने 1569 साली उच्चाराप्रमाणे लिहिण्याची पद्धत सुचवली होती, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग 'बरोबर' उच्चार कोणता? डॅनियल जोन्सचा उच्चारकोश 1917 साली निघाला. त्यात त्याने नोंदवले ते मुख्यतः निवासी, महागड्या शाळांत शिकलेल्या घरांतले उच्चार. जोन्सची भूमिका नोंद करणाऱ्याची होती. लोकांनी मात्र त्याचा मापदंड केला. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली याच मापाने मोजली जाते. पु. लं.नी तिला 'ती फुलराणी'त मराठी केलं, तेव्हा आपल्याला ती परकी वाटलीच नाही. कारण उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आपल्याकडेही मुरलेली आहे.

आता त्या 'फ्याक्ट'कडे येऊ. 'बॅट'मधला हा स्वर आपल्या जुन्या वर्णमालेत नव्हता. म्हणून 19व्या शतकातली मराठी पुस्तकं 'ब्यांक', 'कालेज' असंच छापत. ॲ आणि ऑ ही चिन्हं नंतर रुळली. म्हणजे आम्ही ज्याला हसलो तो उच्चार एकेकाळी छापील, शिष्ट मराठीतला होता. त्या मुलाचं चुकलं इतकंच की तो उशिरा जन्मला आणि खेड्यात जन्मला.

याचा अर्थ कसाही उच्चार केला तरी चालेल, असा नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, हे बंधन आहेच; उच्चार जरूर शिकवावेत. पण शिकवणं वेगळं आणि हसणं वेगळं. जो स्वर स्वतःच्या मायदेशी 300 वर्षं जागेवर राहिला नाही, त्याच्यासाठी आपण एका मुलाचा आवाज बंद केला. तो विचारणार होता तो प्रश्न आम्हाला कधीच कळला नाही.