हात, तोंडं आणि चूल

माणदेशाला दुष्काळ काही नवा नाही. तरी वय झालेल्या माणसापुढं नुसतं 'दुष्काळात' म्हटलं, की तो बहात्तर सालच धरून चालतो. आमच्या घरात त्या सालाच्या गोष्टी सांगणारी माणसं दोन. आजी आणि आजोबांचे चुलतभाऊ तात्या. आजी पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहायला होती, तात्या त्याच कामावर मुकादम. एकाच बांधावर उन्हातान्हात राबलेली माणसं, पण दोघांच्या हकिकती कधी जुळल्या नाहीत.

तात्यांचा सूर अभिमानाचा. "सरकारनं त्या साली कुनाचं घर पायलं न्हाई, जात पायली न्हाई. जो कामाला आला त्याचं नाव मस्टरवर चढलं." यात खोटं फारसं नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आणि मे 1973 मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. रस्ते, ताली, तलाव, खडी. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि पोरांच्या ओंजळीत सुकडी. त्या मिलोला आजी मरेपर्यंत नावं ठेवायची. पण एवढा मोठा दुष्काळ पडूनही 1943 च्या बंगालसारखी माणसं मेली नाहीत, हे तिलाही मान्य होतं.

तिची तक्रार वेगळीच होती. "हात मोजलं त्यांनी. तोंडं कुनी मोजली?"

आमचं घर तेव्हा एकत्र. सासरा, तीन मुलगे, दोन सुना, सगळे कर्ते. शेजारच्या वाड्यात आजीची लांबची नणंद, जिला आम्ही आत्याच म्हणायचो. नवरा आधीच गेलेला, पदरात तीन लहान पोरं. मातीकामाचं गणित असं, की एकानं कुदळ मारायची, दुसऱ्यानं पाटी भरायची, तिसरीनं ती उचलून भरावावर टाकायची. मोजणी होते खणलेल्या खड्ड्याची आणि पैसे वाटले जातात टोळीत. आमच्या घरची टोळी घरातच तयार होती. आत्याला टोळीत घ्यायचं कुणी? कुदळ चालवणारा पुरुष नाही, मधेच पोर रडलं की उठून जाणार, आणि तिचं कमी पडलेलं माप बाकीच्यांच्या वाट्यातून जाणार. तिला कुणी हाकललं नाही. तिच्यासाठी जागा मात्र कुणी केली नाही.

म्हणून ती खडीवर गेली. खडी एकट्या माणसाला फोडता येते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बोटांना गुंडाळायच्या, दगड दोन पायांत धरायचा, हातोडीचा घाव घालताना डोळे मिटून घ्यायचे. कपची डोळ्यात गेली की आठवडा बुडाला. धाकटं पोर बाभळीखाली लुगड्याच्या झोळीत. आठवड्याला ढीग मोजला जायचा. आजी सांगायची, आत्याचा ढीग मापात बसायचा, पण त्या पैशात चार तोंडं बसायची नाहीत. आमच्या घरात सहा हातांच्या जोड्यांमागं खाणारे नऊ. तिच्याकडं एका जोडीमागं चार.

तात्यांना हे सांगितलं की ते उसळायचे. "मापाला बाई-बाप्या न्हवता. जेवडी खडी, तेवडं पैसं. यापरास सारखं काय असतंय?" दर सारखा होता, हे मी मानतो. पुढं रोजगार हमीच्या कायद्यानंही कामाच्या मापाचा दर बाई-पुरुषांना एकच ठेवला आणि कामावर पाळणाघराची सोय सांगितली. पाळणाघर आमच्या भागात बहुधा कागदावरच राहिलं. मापाचा दर सारखा असला तरी माप पुरं करायची ताकद घराघरात सारखी नसते, एवढं तात्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मुकादम होते ना.

आणखी एक गोष्ट आजी फक्त बायकांत सांगायची. मस्टरवर अंगठा तिचा, नाव तिचं, पण पगार जायचा सासऱ्याच्या बटव्यात. पूर्ण दुष्काळात तिनं स्वतःच्या हातानं एक गोष्ट घेतली, पोरासाठी बनियन, तीही विचारून.

हातांचा हिशेब बहात्तरचा नव्हे, त्याहून जुना. 1876-77 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. त्यातून दुष्काळ आयोग आला, दुष्काळ संहिता आल्या. गंमत अशी, की कवडीचुंबक इंग्रजांच्या त्या संहितांत मजुरावर अवलंबून असलेल्या लहान पोरांना वेगळं धान्य किंवा पैसे देण्याचं कलम होतं. म्हणजे आजीची 'तोंडं' त्यांनी मोजली होती, थोडकी का होईना.

स्वातंत्र्यानंतर वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. त्यातूनच राज्याची रोजगार हमी उभी राहिली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. त्यात हक्क होता प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा. दिवसांची मर्यादा नव्हती. 2005 मध्ये केंद्राचा कायदा झाला, तेव्हा 100 दिवसांची हमी आली ती कुटुंबाला. त्यावरचे दिवस महाराष्ट्र आपल्या तिजोरीतून देत राहिला, पण हमीचं माप बदललं. आता चूल मोजायला लागले. सहा कर्त्यांचं एकत्र घर आणि एकटी विधवा, दोघांना सारखेच दिवस. आत्याच्या बाजूनं पाहिलं तर हे बरंच. पण एकत्र घरांनी काय केलं असेल, ते सांगायला नको. रेशनकार्ड फुटली. चुली मात्र तिथल्या तिथंच.

रेशनवर तर दोन्ही मापं शेजारी शेजारी दिसतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, माणूस एक असो की नऊ. प्राधान्य गटाला माणशी 5 किलो. एकटी म्हातारी अंत्योदयात बसली तर तिचं भागून उरतं, नऊ माणसांचं घर बसलं तर प्राधान्य गटापेक्षा 10 किलोनं मागं राहतं.

कर्जमाफीतही तेच. 2017 ची दीड लाखांची माफी कुटुंबाला होती, 2019 ची दोन लाखांची शेतकऱ्याला. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये पुन्हा कुटुंबाला, म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सातबारावर तीन भावांची नावं वेगवेगळी असली तर तीन घरं. ज्या बाईचं नाव सातबारावर नाही तिला काहीच नाही, आणि ज्यांना जमीनच नाही ते मोजणीत येतच नाहीत. संजय गांधी निराधार अनुदानाची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये. खडी फोडून त्यापेक्षा जास्त मिळतं. आणि लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागितला, तेव्हा दोघंही गेलेल्या बायका कुठल्या रांगेत उभ्या राहणार, हा प्रश्न मागाहून सुचला.

मला विचाराल तर आजीचं खरं. मदतीची रक्कम ठरवताना तोंडं मोजावीत आणि ती द्यावी ज्याचा अंगठा त्याच्याच हातात. चूल हे माप कारकुनाच्या सोयीचं आहे. तात्यांचं एक मात्र जपायला हवं, मागायला आलेल्याचं नाव घर-जात न विचारता चढवायचं. हे दोन्ही एका योजनेत बसवणं अवघड असेल, पण निराधार बाईकडून उत्पन्नाचा दाखला काढून घेण्याइतकं अवघड नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या भावकीत कुणी बाई विधवा झाली असेल आणि सातबारावर अजून मेलेल्याचंच नाव असेल, तर तिच्याबरोबर तलाठ्याकडं जा आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. महसूल कायदा ही खबर तीन महिन्यांत द्यायला सांगतो. दिरांची नावं चढून झाल्यावर तिचं चढवणं फार जड जातं.