सागरी माशांचा श्वेतबिंदू रोग

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे, हे ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ या एकपेशीय परजीवीच्या प्रादुर्भावाचे लक्षण होय. मासा दगडांवर अंग घासतो, अन्न टाळतो. कल्ल्यांना बाधा झाल्यास त्याला श्वसन जड जाते. काही दिवसांत ठिपके नाहीसे होतात. परंतु ही रोगमुक्ती नव्हे. परजीवी माशावरून सुटून तळाशी कोश करतो आणि त्यातून असंख्य नवे जीव बाहेर पडतात. म्हणून सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथेच मोजून ताम्रयुक्त औषध द्यावे. मूळ टाकीत ते घातल्यास प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी दगावतात. ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवल्यास यजमानाअभावी परजीवी संपुष्टात येतो.