विश्लेषण : फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर कसा ठरतो? चाहत्यांचे अंदाज इतके का चुकतात?

युरोपातील एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर गेला की ‘आता कोण?’ हा प्रश्न पुढचे काही आठवडे जगभर चघळला जातो. वृत्तपत्रांत संभाव्य नावांच्या याद्या येतात, सट्टेबाज कंपन्या प्रत्येक नावावर भाव लावतात. चाहते विमानांच्या वेळापत्रकापासून समाजमाध्यमांवर कोण कोणाला ‘फॉलो’ करतो इथपर्यंत सगळ्यावर नजर ठेवून असतात. अखेरीस नेमणूक होते ती बहुतेकदा या चर्चेत मागे पडलेल्या नावाची. असे का होते, क्लब नेमके काय पाहतात आणि या अंदाजांना काही अर्थ असतो का, याचा हा आढावा.

‘मॅनेजर’ म्हणजे नेमके कोण?

क्रिकेटमध्ये संघाचा मॅनेजर म्हणजे प्रवास, निवास, शिस्त आणि कागदपत्रे पाहणारा माणूस. इंग्लिश फुटबॉलमध्ये हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. संघ निवडणे, सराव घेणे, डावपेच आखणे ही सगळी कामे मॅनेजरची. पूर्वी कोणते खेळाडू विकत घ्यायचे आणि कोणते विकायचे, यातही त्याचाच शब्द अखेरचा असे. मँचेस्टर युनायटेडचे सर अॅलेक्स फर्ग्युसन हे या जुन्या पद्धतीचे सर्वात मोठे उदाहरण. साडेसव्वीस वर्षांत त्यांनी १३ लीग विजेतेपदांसह ३८ करंडक जिंकले.

आता खेळाडूंच्या खरेदीचे काम बहुतेक क्लबांत ‘स्पोर्टिंग डायरेक्टर’ सांभाळतो आणि मैदानावरच्या माणसाला ‘हेड कोच’ म्हटले जाते. हा फरक केवळ पदनामाचा नाही. जो क्लब प्रशिक्षक शोधतो आहे, त्याला सर्वेसर्वा नको असतो. आधीच उभ्या असलेल्या व्यवस्थेत बसणारा माणूस त्याला हवा असतो. चाहते मात्र अजूनही पुढचा फर्ग्युसन शोधत असतात. अंदाज चुकण्याची सुरुवात इथूनच होते.

२०२४ मध्ये लिव्हरपूलमध्ये काय घडले?

२६ जानेवारी २०२४ रोजी युर्गन क्लॉप यांनी मोसमाच्या अखेरीस लिव्हरपूल सोडणार असल्याचे जाहीर केले. ते ऑक्टोबर २०१५ पासून तिथे होते. २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये ३० वर्षांनंतरचे पहिले लीग विजेतेपद त्यांनी मिळवून दिले होते. आपली ऊर्जा संपत चालली आहे, असे कारण त्यांनी दिले. क्लबला त्यांनी हे नोव्हेंबरमध्येच सांगितले होते. म्हणजे चाहत्यांनी अंदाज बांधायला सुरुवात केली, तेव्हा क्लबला विचार करायला दोनेक महिने मिळून गेले होते.

चाहत्यांच्या मनात एकच नाव होते, शाबी अलोन्सो. कारण उघड होते. २००४ ते २००९ या काळात ते लिव्हरपूलकडून खेळले. २००५ च्या इस्तंबूलमधील चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात त्यांनी बरोबरीचा गोल केला होता. शिवाय प्रशिक्षक म्हणून त्यांचा बायर लेव्हरकूसन संघ त्या मोसमात हरायलाच तयार नव्हता. पण ते बायर्न म्युनिककडूनही खेळले होते आणि बायर्नलाही त्याच सुमारास नवा प्रशिक्षक हवा होता. दोन्ही क्लबांचे चाहते ‘शेवटी घरचा माणूस घरीच येणार’ असे म्हणत होते.

२९ मार्च रोजी अलोन्सो यांनी लेव्हरकूसनमध्येच राहणार असल्याचे सांगितले आणि दोन्हीकडचे गणित कोलमडले. लेव्हरकूसनने दोन आठवड्यांनी इतिहासातले पहिले जर्मन लीग विजेतेपद पटकावले आणि लीगचा मोसम एकही पराभव न पत्करता संपवला. अलोन्सो मे २०२५ मध्ये रेआल माद्रिदला गेले. तोही त्यांचा जुनाच क्लब.

त्यानंतर चर्चा वळली पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचे रुबेन अमोरिम यांच्याकडे. एप्रिलमध्ये ते लंडनला गेल्याचे उघड झाले, पण ती भेट होती वेस्ट हॅमशी. पुढे अमोरिम यांनीच हा प्रवास ही आपली चूक असल्याची कबुली दिली. लिव्हरपूलने दरम्यान नेदरलँड्समधील फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट यांच्याशी बोलणी पुढे नेली. एप्रिलच्या अखेरीस दोन्ही क्लबांत भरपाईच्या रकमेवर एकमत झाले. १९ मे रोजी, निरोपाच्या सामन्यानंतर, क्लॉप यांनी स्वतः मैदानावर स्लॉट यांच्या नावाचा गजर करून चाहत्यांना त्यात ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी अधिकृत घोषणा झाली. पदनाम होते ‘हेड कोच’.

बायर्नमध्ये तर शोध आणखी लांबला. फेब्रुवारीत थॉमस टुकेल यांच्याशी मोसमाअखेर काडीमोड घेण्याचे जाहीर झाले. अलोन्सो यांनी नकार दिला, युलियान नागल्समान यांनी जर्मन राष्ट्रीय संघासोबतचा करार वाढवला, राल्फ रांगनिक यांनी ऑस्ट्रियासोबत राहणे पसंत केले. मग टुकेल यांनाच थांबवून घेण्याची बोलणी झाली, तीही फिसकटली. अखेर मेच्या शेवटी नेमणूक झाली व्हिन्सेंट कोम्पनी यांची. त्यांचा बर्नली संघ त्याच महिन्यात प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेला होता.

पुढच्या मोसमात काय झाले? २०२४-२५ मध्ये स्लॉट यांनी लिव्हरपूलला आणि कोम्पनी यांनी बायर्नला लीग विजेतेपद जिंकून दिले.

क्लब काय पाहतात, जे चाहत्यांना दिसत नाही?

चाहता निकाल, नाव आणि आठवण या तीन गोष्टींवरून माणूस निवडतो. क्लब खेळण्याच्या पद्धतीपासून सुरुवात करतो. हातात असलेले खेळाडू ज्या शैलीसाठी घेतले आहेत, ती शैली नव्या प्रशिक्षकाला मान्य आहे का? तरुण खेळाडू त्याच्याकडे सुधारतात का? दुखापतींचे प्रमाण किती?

निकाल फसवे असू शकतात, हेही क्लबांना आता कळले आहे. क्लॉप यांची लिव्हरपूलमधील निवड हे त्याचे गाजलेले उदाहरण. २०१४-१५ मध्ये त्यांचा बोरुसिया डॉर्टमुंड संघ सातव्या स्थानावर घसरला होता. लिव्हरपूलचे तत्कालीन संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम यांनी त्या मोसमातील आकडेवारी तपासली. डॉर्टमुंडने संधी भरपूर निर्माण केल्या होत्या, गोल मात्र त्या प्रमाणात झाले नव्हते. संघ वाईट खेळला नव्हता, त्याचे नशीब वाईट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरा भाग व्यवहाराचा. हवा असलेला माणूस बहुधा दुसरीकडे करारात बांधलेला असतो. काही करारांत ठरावीक रक्कम भरली की सुटका होईल असे कलम असते, काहींत नसते. मग भरपाईवर घासाघीस करावी लागते. त्याचे सहायकही सोबत येणार असतात, त्यांचे वेगळे करार. आणि शेवटी त्या माणसाला यायचे आहे का, हा प्रश्न उरतोच. अलोन्सो यांच्या बाबतीत सगळे अंदाज याच शेवटच्या प्रश्नावर अडखळले.

अफवा कोण पेरते?

प्रत्येक अफवा खोटी नसते, पण प्रत्येक अफवेमागे कोणाचा तरी फायदा असू शकतो. प्रशिक्षकाच्या एजंटला आपल्या माणसाचे नाव मोठ्या क्लबशी जोडले गेलेले हवे असते. त्यामुळे आहे त्या क्लबमध्ये पगारवाढ मागायला बळ मिळते. क्लबलाही कधी कधी एखादे नाव बाहेर सोडून चाहत्यांची प्रतिक्रिया पाहायची असते. संकेतस्थळांना वाचक हवे असतात.

सट्ट्याच्या भावांचा दाखला तर सर्रास दिला जातो. ‘अमुक आता सर्वात पुढे’ अशी बातमी अनेकदा केवळ भाव बदलल्यावरून होते. पण ‘पुढचा मॅनेजर कोण’ या बाजारात उलाढाल छोटी असते. थोडे पैसे एका नावावर लागले तरी भाव हलतो. भाव हलला की बातमी होते आणि बातमी वाचून आणखी लोक पैसे लावतात. अशी अफवा स्वतःलाच खतपाणी घालत वाढते.

चाहत्यांचे म्हणणे क्लबपर्यंत पोहोचते का?

नाव सुचवण्याची ताकद चाहत्यांकडे फारशी नसते, नाव रोखण्याची मात्र असते. २०२१ मध्ये टॉटनहॅमने १९ एप्रिलला जोझे मॉरिन्यो यांना काढले. त्यानंतर अँटोनियो कॉन्टे आणि पाउलो फोन्सेका यांच्याशी बोलणी होऊन मोडली. मग जेनारो गट्टुसो यांचे नाव पुढे येताच त्यांच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहत्यांनी समाजमाध्यमांवर विरोधाची मोहीमच उघडली आणि क्लबने बोलणी थांबवली. शेवटी ३० जूनला नुनो एस्पिरितो सांतो यांची निवड झाली. चार महिन्यांत तेही गेले आणि आले ते आधी नकार दिलेले कॉन्टे.

सुरुवातीचा विरोध चुकीचाही ठरतो. २०१५ मध्ये लेस्टर सिटीने क्लाउडिओ रानिएरी यांना नेमले, तेव्हा फारो बेटांच्या चिमुकल्या संघाकडून हरल्यामुळे ग्रीसने त्यांना काढून जेमतेम आठ महिने झाले होते. निवडीवर नाके मुरडली गेली. पुढच्या वर्षी लेस्टर इंग्लंडचा विजेता होता. उलट उदाहरण डेव्हिड मॉइस यांचे. २०१३ मध्ये खुद्द फर्ग्युसन यांनी त्यांची निवड केली, युनायटेडने सहा वर्षांचा करार दिला, स्टेडियममध्ये त्यांच्या स्वागताचा फलक लागला. दहा महिन्यांनी त्यांना काढण्यात आले.

चुकीच्या निवडीची किंमत कोण मोजते?

२०२४ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने बराच विचार करून एरिक टेन हाख यांनाच कायम ठेवले आणि त्यांचा करार वाढवला. २८ ऑक्टोबरला त्यांना काढले. टेन हाख आणि त्यांचे सहकारी यांना निरोप देण्याचा खर्च क्लबच्या हिशेबात सुमारे १ कोटी ४ लाख पौंड दाखवला गेला. त्यांच्या जागी आलेल्या अमोरिम यांच्यासाठी स्पोर्टिंगला सुमारे १ कोटी १० लाख युरो द्यावे लागले. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये पंधराव्या स्थानावर राहिला.

त्याच वर्षी क्लबने खर्चकपातीसाठी सुमारे २५० नोकऱ्या कमी केल्या. मोसम सुरू असतानाच क्लबच्या सदस्यांसाठी उरलेल्या लीग सामन्यांची तिकिटे किमान ६६ पौंड करण्यात आली, मुले आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलतही काढली गेली. मॅनेजर कोण येणार याची चर्चा म्हणूनच निव्वळ रिकामटेकडेपणा ठरत नाही. निर्णय संचालक घेतात, पण चुकला तर त्याची झळ तिकीट काढणाऱ्याला आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला बसते.

भारतात काय चित्र आहे?

जुलै २०२५ मध्ये मानोलो मार्केझ यांनी भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सोडले. त्यानंतर आलेल्या सुमारे १७० अर्जांत बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक चावी यांचाही अर्ज असल्याच्या बातमीने खळबळ उडाली. काही दिवसांत भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला की चावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. १ ऑगस्टला निवड झाली खालिद जमील यांची. मुंबईत खेळलेले, मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेले आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे जमील सर्वांच्या डोळ्यांसमोरच होते.

गोव्याच्या चाहत्यांना दुसरी आठवण आहे. २०२० च्या सुरुवातीला संघ गुणतालिकेत अव्वल असताना एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. तेच लोबेरा पुढच्या मोसमात मुंबई सिटीकडे गेले आणि लीग शील्ड व करंडक दोन्ही जिंकले. मुंबई सिटीचे बहुसंख्य भागभांडवल तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुपकडे आले होते. हा समूह आपल्या जगभरच्या क्लबांतूनही माणसे निवडतो. २०२३ च्या अखेरीस आलेले पेत्र क्रात्की याच समूहाच्या मेलबर्न सिटीत सहायक होते.

मग बातमी कशी वाचावी?

काही साध्या कसोट्या आहेत. बातमीत ‘रस आहे’, ‘बोलणी सुरू आहेत’ आणि ‘भरपाई ठरली’ यांपैकी नेमके काय म्हटले आहे ते पाहावे. या तीन पायऱ्यांत मोठे अंतर असते. दोन्ही क्लबांच्या शहरांतील पत्रकार एकच गोष्ट सांगत असतील, तर तिला वजन द्यावे. क्लब शेअर बाजारात नोंदलेला असेल, तर त्याला महत्त्वाचे व्यवहार जाहीर करावे लागतात. अमोरिम यांच्यासाठी युनायटेडने केलेली विचारणा स्पोर्टिंगने बाजार नियामकाला कळवली, तेव्हा तर्काला जागाच उरली नाही. केवळ सट्ट्याच्या भावावर किंवा विमानप्रवासावर उभी असलेली बातमी करमणूक म्हणून वाचावी.

आणि निवड योग्य होती का, याचा निकालही लवकर लावू नये. पहिल्याच मोसमात लीग जिंकलेल्या स्लॉट यांच्या संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये १२ पैकी ९ सामने गमावले होते. विजेतेपदाला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते आणि लिव्हरपूलमध्ये ‘आता कोण?’ची चर्चा पुन्हा सुरू झाली. या वेळीही चाहत्यांच्या ओठांवर पहिले नाव क्लॉप आणि अलोन्सो यांचेच होते.